नव्या मोहाचा वाटा

अंबड, नाशिक
१७ मार्च १९९७

ती. धनराजदादास,
धाकट्या आशाचा शि. सा. न.

आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इथे आणलं खरं, पण ती दोन घास खाते आणि ताट सरकवते. अंगात ताकद आल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. शिरा केला, खिचडी केली; एकच उत्तर, भूक नाय. मला फार भीती वाटते रे. बांधावरचा मोह आता गळत असेल. गावाहून इकडे येणाऱ्या सहादूकाकांबरोबर थोडी फुलं पाठव, शिजवून दिली तर खाईल. वहिनीला म्हणावं, वेचताना नणंदेच्या नावाने बोटं मोडू नकोस.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
आशा

अंबड
२६ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

फुलं पोचली. आतले केसर काढून, धुऊन शिजवली, वर भाजलेले तीळ घातले. वासानेच आईचा चेहरा खुलला, पण वाटीला हात लावेना. शेजारी दिलं का, एवढंच विचारत राहिली. कसं देऊ? मोह म्हटला की इथल्या लोकांना दारूच आठवते. मी तर दार-खिडक्या लावून शिजवला! तुझे मेहुणे अजून हसताहेत. मला मात्र रडू येतं, जेवणही जात नाही.

तुझीच,
आशा

पेठ
१ एप्रिल

चि. आशास, अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, दार लावलंस तिथेच चुकलीस. नवा मोह वाटल्याशिवाय आई कधी खाते का? भात बुडाला त्या वर्षीसुद्धा शेजारच्या चिमणाबाईकडे वाटी गेल्यावरच तिने तोंडात फूल घातलं. आपण चिडलो, तर म्हणाली, झाड काय आपण लावलंय? लोकांना काय आठवायचं ते आठवू दे, तू वाटी दे. आणखी फुलं पाठवतोय. पुढे फळं धरली की भाजीला तीही देईन.

वहिनीने बोटं मोडली नाहीत, असं कळवायला सांगितलंय.
धनराज

अंबड
७ एप्रिल

ती. दादास, शि. सा. न.

काल दार सताड उघडं ठेवून मोह शिजवला. समोरच्या सिंधुबाईंना वाटी दिली; त्या निफाडकडच्या, मोह कधी न खाल्लेल्या. त्यांनी आधी वास घेतला, मग खाल्लं, मग आणखी मागितलं. आईने बसल्या जागेवरून त्यांना सगळं सांगितलं, फुलं भाजून कुटून भाकरीत कशी घालतात, बियांचं तेल कसं काढतात. किती दिवसांनी तिचा आवाज चढला!

मग तिने वाटी मागितली. मला वाटलं, आता खाईल. तर चाचपडत माझं तोंड शोधलं आणि पहिला घास मलाच भरवला. म्हणाली, माझ्यापायी तू बी कवाची उपाशी हायेस, मला काय कळत नाय व्हय?

मग दोघी एकाच वाटीत पोटभर जेवलो. दादा, वहिनी, तुमचे उपकार मी विसरायची नाही.

आशा