एक इशारा उरतोच

४ नोव्हेंबर १९९६

कंपायलर आज पुन्हा इशाऱ्यांचा पाढा वाचत बसला! आमच्या ऑफिसच्या साहेबांचा, भूपेंद्रभाईंचा, जीव वर-खाली. "लाभपाचम को मिल में शेठ के सामने प्रोग्राम बनाना है, एक भी वॉर्निंग नहीं दिखनी चाहिए." दिवाळीनंतर धंदा उघडायच्या शुभ दिवशी पडद्यावर अपशकुनी ओळ नको म्हणे. मग लावला इशारे बंद करायचा फ्लॅग. सगळे गप्प — एक सोडून. 'आकडा खान्यात मावणार नाही.'

धनत्रयोदशी

सापडलं. तापमान मोजणाऱ्या कार्डाबरोबर जी फाइल आली, तिच्यातच कुणीतरी मुद्दाम ओळ घातलीय — हा इशारा चालूच राहील, फ्लॅग असो-नसो. कोण हा शहाणा?

पण म्हणणं खरं आहे त्याचं. त्या खान्यात एकशे सत्तावीस अंशांपर्यंतच मावतं. पुढे गेलं की आकडा उलटून शून्याखाली. कापड रंगवायच्या मशीनला वाटणार पाणी गार आहे, आणि ते वाफ सोडतच राहणार, बंद टाकी फुटेपर्यंत. खाना मोठा करायचा तर अर्धा प्रोग्राम नव्याने लिहावा लागेल.

मिलमध्ये ते मशीन चालवतो त्या काशिनाथदादाला विचारलं. त्याच्या मशीनवर कॉटन, पंच्याण्णवच्या वर कधी जातच नाही. मग उगाच कशाला! ती ओळ तेवढी खोडणार होते. हात झाला नाही.

भाऊबीज

काशिनाथदादाला ओवाळलं. अनुसयावहिनीने पुरणपोळ्या केल्या होत्या. दादा सगळ्या गल्लीला सांगत सुटलाय — "मनी बहीणना प्रोग्राम मना मशीनवर! मंग माले कसानी भीती?"

मला आहे. का, ते कळत नाही.

लाभपाचम, सकाळी

पलसाण्याच्या मिलमध्ये पूजा झाली. मगनशेठ समोर बसले, मी कंपाइल केलं. ती ओळ आलीच! "आ शुं छे?" — "कंई नथी, शेठ," म्हणत भूपेंद्रभाईंनी चटकन कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, बरोब्बर त्या ओळीवर. काच लाल. सगळे हसले, मीही हसले. पंच्याण्णवला वाफ आपोआप थांबली, शेठ खूश. दादाने माझ्या तोंडात पेढा कोंबला.

दादा मशीनवर थांबला, मी बसने घरी आले.

लाभपाचम, दुपारी

वहिनी आत्ताच येऊन गेली. दादाचा निरोप — जेवायला येत नाही. "शेठनी मुहूर्तवर नवा माल लाया. पॉलिएस्टर. एकशे तीसवर चालस म्हने."

मिलला फोन लावलाय, नुसता वाजतोय. कोणी उचलत नाही.