आरशाशेजारचं क्वेसार

३ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

तुझ्या शोधाची पेपरातली बातमी कापून दुकानात आरशाशेजारी चिकटवली आहे. माप द्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक आधी ती वाचतं, मगच हात वर करतं. मी सांगतो, मी शिंपी, छाती-कंबर मोजतो; माझी लेक विश्व मोजते. तुझी आई म्हणते, किती मिरवाल! पण काल तिनेच भाजीवाल्याला थांबवून वाचायला लावली. फक्त त्या क्वेसारचं अंतर टेप न लावता कसं काढतेस, हे कोणी विचारलं की माझी बोबडी वळते. तेवढं सोपं करून कळव. जेवणाची हेळसांड नको.

तुझा बाबा

१७ मार्च

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र. त्यातून अतिनील प्रकाश येतो आणि क्ष-किरणही. दोन्हींच्या प्रमाणावरून ते मुळात किती तेजस्वी आहे हे ठरतं, आणि इथून किती मंद दिसतं त्यावरून अंतर निघतं.

बाबा, माझी अंतरं चुकली आहेत. काही क्वेसारांच्या आड वायूचे ढग होते. त्यांनी क्ष-किरण गिळले, आणि मी ती क्वेसारं न वगळता हिशेबात धरली. प्रमाण बिघडून ती आहेत त्याहून तेजस्वी ठरली आणि अंतरं फुगली. सर म्हणाले, कोणाच्या लक्षात आलेलं नाही, परिषद पार पडू दे. मला अन्न गोड लागेना. परवा परिषदेत उभी राहिले आणि चूक स्वतःच सांगून टाकली. आता नोकरी टिकते की नाही, देव जाणे. ती बातमी तेवढी काढून टाका. लोक तुम्हाला हसलेले मला सोसवणार नाही. आईला नमस्कार. लोभ उसवू देऊ नये.

तुमची ठमी

२९ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

आईने पत्र मोठ्याने वाचलं आणि डोळे पुसत म्हणाली, पोरगी माझ्यावर गेली. एरवी तिच्या मते तुझा हट्ट तेवढा बापाकडून आलेला असतो!

शेजारचा न्हावी हसला खरा. मी त्याला ढग आणि क्ष-किरण असे काही समजावले, की त्याचं गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून ताटकळत बसलं. नोकरीचं होईल ते होवो, घर तुझंच आहे. बातमी छापून आली त्या दिवसापेक्षा आज मला तुझा जास्त अभिमान वाटतो.

बातमी काढलेली नाही. तिच्याशेजारी आरशावर खडूने लिहिलं आहे: यातली चूक माझ्या लेकीने स्वतः शोधली आणि भर सभेत सांगितली. खडू दिवसभरात पुसला जातो, म्हणून रोज दुकान उघडलं की आधी ते पुन्हा लिहितो.

तुझा बाबा