पाठीचं चामडं

अब्बा, आज सकाळी मोटारसायकलीखालची थाळी कोरडी होती आणि मला चूल पेटवावीशी वाटली नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्हाला वाचताही येत नव्हतं, तरी लिहायला बसले आहे. या घरात बोलायला दुसरं आहे कोण?

तुम्ही मंगरूळातले, पाण्याच्या पखाली आणि मोटा शिवणारे, इंजिनाशी तुमचा काय संबंध? पण कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या साहेबाची मोटारसायकल तेल गाळायला लागली. इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती तेल अडवायला चामड्याचा वायसर बसतो, तो विलायतेहून यायला महिने लागणार, म्हणून त्याने तुम्हाला बोलावलं. तुम्ही आपल्या रिवाजाप्रमाणे चामडं रात्रभर पाण्यात भिजवून वायसर कापलात. पखालीत पाणी भरलं की शिवण फुगून आपोआप बंद होते, तसंच इथे होईल असा तुमचा हिशेब. इंजिन तापलं, चामडं आखडलं आणि साहेब केनवडच्या बाजाराहून परतला तो पाटलोणभर तेल घेऊन. मी हसले तर तुम्हीही हसलात, पण त्या दिवसापासून चामडं कोमट चरबीत मुरवायला लागलात.

चुन्याने आणि आरीने तुमची बोटं बधिर झालेली, म्हणून तुकडा निवडायला तुम्ही मला बसवायचात. अजून दिसतं मला ते. तुम्ही चुलीपाशी चरबीची वाटी घेऊन थांबला आहात आणि मी डोळे मिटून एकेक तुकडा गालाला लावून बघते आहे. एकदा मी मऊ म्हणून पोटाकडचा तुकडा उचलला, तो तुम्ही हातातून ओढून घेतलात.

"पोटाचं चामडं नरम लागते बेटी, पन ताणते. पाठीचं घे. उशिरा वळते, पन जागा सोडत नाही."

मी रुसून बसले. मग तुम्ही सगळे तुकडे पुन्हा माझ्यापुढे पसरलेत आणि म्हणालात, "बरं, आता तुले काय वाटते ते सांग."

मला तसं विचारणारं तुमच्याशिवाय कुणी भेटलं नाही. माझं लग्न ठरवताना तुम्हीही विचारलं नाहीत म्हणा, चामड्याचं तेवढं विचारायचात. सासरी तर प्रश्नच नव्हता. नवरा गेल्यावर मी परत आले तेव्हा तुम्ही चामड्याचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवलात. तो मला फार मोठा आधार वाटला होता.

साहेब विलायतेला परत जाताना गाडी तुम्हालाच देऊन गेला. ती अजून ओसरीत आहे. दर शुक्रवारी मी अंगणाचं दार लावून ती चालू करते आणि शेजारणी मला अर्धी वेडी समजतात. तुम्ही शेवटी बसवलेला वायसर अलीकडे रात्रीतून खालच्या थाळीत थोडं तेल सोडायचा. पुढची खोली मोटार-स्टँडवरच्या मिस्त्रीला भाड्याने दिली आहे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर अकोल्याला रबरी सील मिळायला लागले, त्यातला एक तो काल घेऊन आला. "काहून रोज तेल पुसत बसता, बाई? रबर लावून देतो," म्हणाला आणि हो-नाही ऐकायच्या आत झाकण उघडलंही. भला माणूस आहे. तुमचा वायसर त्याने चिंध्यांत टाकला, तो मी उचलून घेतला.

रबर चोख आहे, अब्बा. थेंबही नाही. पण रोज सकाळी त्या थाळीत तेल दिसायचं तेव्हा वाटायचं, रात्रीतून या घरात माझ्या हाताशिवाय काहीतरी झालं. आज ती थाळी मी तिथेच बसून किती वेळ बघत राहिले.

हा कागद मी कुठे धाडणार? तुमच्या आरीखाली ठेवून देते. एवढंच सांगायचं होतं की मिस्त्री कामावर गेल्यावर मी तुमचा वायसर चरबीत मुरवला, गालाला लावून पाहिला आणि परत बसवला. संध्याकाळी त्याने विचारलं तर सांगणार आहे, रबर टिकला नाही.