शिरगावच्या वेशीवरची दुनळी

शिवमंदिराजवळ, अंबरनाथ,
सप्टेंबर १९९१

तीर्थस्वरूप शिवराममामांस,

भाचा दिनानाथ याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. (इथून कर्जतपर्यंत डोके पोचत नाही, तरी पोचले असे समजावे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला, की राहायलाच आला आहे? आमच्याकडे सर्व ठीक असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरे म्हणजे मी पुरता गोंधळलो आहे, आणि बाबा गेल्यापासून ज्याला विचारावे असे माणूस तुमच्याशिवाय उरलेले नाही.

विषय आपल्या ठासणीच्या दुनळीचा. दसऱ्याला शिरगावच्या वेशीवर आमच्या घराने बंदुकीचा बार काढायचा आणि मग गावाने सोने लुटायचे, हा मान तुम्हांला नव्याने सांगायला नको. बाबांनी तो जन्मभर सांभाळला, यंदा पहिल्यांदा माझ्यावर आला. (परवानाही माझ्या नावावर झाला, त्यात झिजलेल्या चपलांचे वर्णन पुन्हा केव्हातरी.) चुलतभाऊ हरिचंद्र गावभर सांगत फिरतो, की ब्लॉकमध्ये राहणाऱ्याच्या हातून बार कसला निघतोय, नाही निघाला तर मान आमच्या घरी आणा. मला मानापानाचे फार नाही, मामा, पण बाबांच्या मागे पहिल्याच वर्षी तो जावा हे मनाला लागते.

म्हणून माळ्यावरून दुनळी काढली. नळ्या गंजून खरबरीत, दस्ता वाळवीने खाल्लेला, आणि एक घोडा इतका ढिला की हात लावायच्या आधीच मान हलवतो. आईने आपल्या मते उपाय केला: तांब्याच्या हंड्यासारखी चिंच आणि राख लावून घासली. संध्याकाळी दुनळी चकाकत होती. सकाळी उठून बघतो तर नव्या गंजाने कुंकवासारखी लालबुंद. आईला ती देवीची कृपा वाटली आणि तिने हात जोडले. मग सौ. मालिनीने (ही माझ्या कोणत्याच कामात मत देत नाही, असे तीच सांगते) उल्हासनगरला न्यायचे सुचवले, कारण तिथे दुरुस्त होत नाही अशी वस्तू जगात नाही.

कॅम्प एकमध्ये लछमनदास नावाचे शेठ बंदुका दुरुस्त करतात, तेही परवान्यानिशी. त्यांनी आधी चहा पाजला, मग हिला निकलचा मुलामा दिला तर परदेशी म्हणून कशी खपेल ते समजावले, मग दस्त्याला सनमायका सुचवला. मी बार निघाला पाहिजे एवढेच धरून बसलो. शेवटी त्यांच्या सुताराने दस्त्याला जुन्या पलंगाचा सागवानी खूर जोडला. (लाकूड उत्तम आहे, पण बंदूक खांद्याला लावली की झोप येईल, असे मालिनीचे मत.) मग शेठनी नळीत गज घातला. तो वीतभर गेला आणि अडला. पुढे जे निघत गेले ते असे: अक्षता, हळद, सुपारी, दगडासारखे झालेले पंचामृत आणि पुन्हा अक्षता. दर दसऱ्याच्या पूजेला आपल्या घरच्या बायका दोन्ही नळ्यांत नैवेद्य घालत आल्या आहेत. तोंड दिसले की भरवायचे, ही आपल्याकडची रीत. शेठ त्या ढिगाकडे बघत म्हणाले, "साईं, ये बंदूक नहीं, देवघर है. पचीस-तीस साल से इसमें से गोली तो छोडो, हवा भी नहीं निकली."

इथे माझे डोके चालेनासे झाले. गेल्या दसऱ्याला मी स्वतः वेशीवर उभा होतो. बार झाला, धूर झाला, चिंचेवरचे कावळे उडाले. (आवाज आधी आला आणि बंदूक नंतर खांद्याला लागली असे मला वाटले होते, पण तेव्हा माझ्या चष्म्याचा नंबर बदलायचा राहिला होता.) शेठना हे सांगितले तर त्यांनी माझ्यासाठी दुसरा चहा मागवला. नळ्या मोकळ्या झाल्या, पण आता त्या इतक्या पातळ आहेत, की दारू ठासली तर मान राहील, मानकरी राहणार नाही, असा त्यांचा निर्वाळा. आईला सांगितले, तर ती ढिम्म. बापाच्या हातात वाजत होती, तुझ्या हातात का वाजू नये, एवढेच म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली. मामा, बाबांची फार आठवण येते आणि त्यांचा रागही येतो. बार कसा काढायचा ते सांगून जायला काय झाले होते?

तुम्हांला काही सुचले तर उलट टपाली कळवा. मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा,
दिनानाथ

ता. क. पाकीट चिकटवताना एक आठवले. दर दसऱ्याला, ऐन बार काढायच्या वेळी, तुमच्या पोटात कळ यायची आणि तुम्ही चिंचेमागे जायचात. परत यायचात तेव्हा धोतराला भोके असायची, आणि विडीने जळले म्हणायचात. तुम्ही विडी ओढत नाही, मामा. यंदा गुडघ्यामुळे येत नाही असा तुमचा निरोप आला होता, तो मिळालाच नाही असे मी धरतो. बदलापूरला उतरा, मी रिक्षा घेऊन उभा राहीन. सुतळी बॉम्ब कॅम्पातून आणून ठेवतो. कळ तेवढी तुम्ही आणा.

ता. क. दुसरा. हे सगळे आईला वाचून दाखवले. मला वाटले होते दचकेल. तिने तांदळातला खडा काढून टाकला आणि म्हणाली, "दादाला लिव, औंदा जरा सबुरीनं पेटव. गेल्या साली हे बंदूक उचलतच व्हते."