दोघंही अडखळणारे

आबा, आज तुमच्या नातीने शाळेच्या स्टेजवर भाषण केलं. चार मिनिटांचं भाषण, तिला अकरा मिनिटं लागली, आणि एक शब्दसुद्धा तिने गाळला नाही. तुम्हाला हे सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून वही घेऊन बसले. तोंडाने सांगायचं तर मला किती वेळ लागतो, ते तुम्हाला माहीतच आहे.

तुम्ही जालन्याच्या मोंढ्यात हर्रास पुकारायचात. धान्याच्या ढिगाशी उभं राहून बोली सुरू केलीत की तुमचा आवाज पार गेटापर्यंत जायचा. अशा माणसाच्या पोटी माझ्यासारखी मुलगी आली! माझं स्वतःचं नावही माझ्या तोंडातून सरळ निघायचं नाही, पहिल्या अक्षरालाच जीभ अडायची. दुकानात, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे तुम्ही मायेने माझी वाक्यं पुरी करायचात. आईचीही करायचात, आणि ती तर अडखळत नव्हती. घर असंच चालतं, असं तुमचं ठाम मत होतं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. दोघं सारखेच निघाले तर संसार कसला, असं तुम्ही म्हणायचात.

म्हणून माझ्यासाठी तुम्ही बोलके नवरे शोधत होता. त्यातल्या एका विमा एजंटाने तर पोह्यांची बशी संपायच्या आत माझी चार वाक्यं पुरी केली, त्यातली तीन चुकीची. मी मानेनेच नकार दिला तेव्हा तुम्ही चिडलात. "मी गेल्यावर तुझ्या वतीनं कोण बोलंल? बोलकाच नवरा पाहिजे तुला, बिलकुल!" मला उत्तर द्यायचं होतं, पण ते तयार होईपर्यंत तुम्ही अंगणात निघून गेला होता.

मग राजूरहून, पुढे तुमचे जावई झाले ते, आले. मोटार वाइंडिंगचं दुकान, आणि बरोबर त्यांचे मामा. हे मामा म्हणजे अगदी तुमच्याच जातकुळीचे. तुम्ही विचारायचं, त्यांनी सांगायचं. त्यांनी विचारायचं, तुम्ही सांगायचं. "पोरगी लाजून राह्यली," तुम्ही म्हणालात. "आमचा पोरगा बी लई कमी बोलतो," मामा म्हणाले. तासाभरात तुमचं दोघांचं असं जमलं की लग्न तुमचंच ठरतंय असं वाटावं. तुम्ही माझं अडखळणं त्यांच्यापासून लपवलं होतं आणि मामांनी भाच्याचं तुमच्यापासून. शेवटी आम्हाला दहा मिनिटं बोलायला गच्चीवर पाठवलं आणि आम्ही पाऊण तासाने खाली आलो. वर भांडण झालं की काय, अशी तुम्हाला काळजी. खरं तर सगळी मिळून आमची सात-आठ वाक्यं झाली होती. त्यांनी माझं नाव विचारलं, मी अडले, आणि ते थांबले. घड्याळाकडे पाहिलं नाही, कीव आल्यासारखं हसले नाहीत, नुसते थांबले. मग त्यांचं नाव सांगताना ते अडले आणि मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला मी माझं नाव माझं मी सांगितलं होतं. आबा, मला इतका आनंद झाला होता की जिना उतरताना माझं हसू थांबत नव्हतं.

खाली येऊन त्यांनी तुमच्याशी बोलायला तोंड उघडलं आणि सगळं उघडं पडलं. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही मला विचारलंत, मी सुरुवात केली, "मला हा मुलगा प..." आणि तिथेच अडले. सवयीप्रमाणे वाक्य तुम्ही पुरं केलंत. "पसंत न्हाई. बराबर हाये तिचं. पाव्हणं, राग मानू नका." मामा चपला शोधायला उठले. तेव्हा मी हात वर केला, मोंढ्यात चाललेली बोली थांबवायला तुम्ही करायचात ना, तस्सा. सगळे गप्प झाले. त्या वाक्याला किती वेळ लागला कोण जाणे, आई सांगते की कपातल्या चहावर साय धरली होती. पण मी ते पुरं केलं. "पसंत आहे." पाहुणे गेल्यावर तुम्ही एवढंच बोललात, "दोघं बी अडखळणारे. मंग लेकरं बी तशीच झाली तर?"

झाली, आबा. तुमची नात आमच्यासारखीच आहे. पण आमच्या घरात कोणी कोणाचं वाक्य पुरं करत नाही. आम्ही भांडतो तेही सावकाश, शब्द बाहेर येईपर्यंत निम्मा राग निघून गेलेला असतो. आणि आई! तुमच्यामागे ती आमच्याकडे राहायला आली आणि सगळे आपलं ऐकायला थांबतात हे कळल्यावर जी बोलायला लागली ती लागलीच. भाजीवाल्यापासून नातीच्या बाईंपर्यंत सगळ्यांशी तीच बोलते. तुम्हाला हवं होतं तसं बोलकं माणूस आमच्या घरात आहे, आणि ते आधी तुमच्याच घरात होतं.

आजच्या भाषणाचा विषय होता 'माझी आजी'. पोरगी नेमकी 'आजी'वरच अडली. बाईंनी बाजूने शब्द सांगायला तोंड उघडलं, तशी तिने हात वर केला. तिने तुम्हाला पाहिलेलं आठवतही नसेल, पण हात तुमचाच होता. सगळा मंडप थांबला आणि तिने शब्द काढला. "माझी आजी खूप बोलते." काय टाळ्या पडल्या, आबा! माझा ऊर अभिमानाने भरून आला. "मी कुठं लई बोलते गं?" असं विचारत आई घरी येईपर्यंत रिक्षात बोलत होती.

एक मात्र कबूल करते. लकव्याने तुमची जीभ जड झाली, तेव्हा जावई दुकान बंद करून तुमच्या खाटेशी बसायचे आणि एकेका वाक्याची वाट बघायचे. "जावई... बराबर... मिळाला," हे तुम्ही त्यांच्यासमोरच म्हणालात. मी मात्र तुमची वाक्यं पुरी करायचे. पाणी का? चहा का? शेवटच्या दिवशी तुम्ही सुरुवात केलीत, "तुझ्या आईला..." आणि मी म्हणाले, "बोलावते." तो एक शब्द नेमका न अडखळता आला. तुम्ही मान हलवलीत, नाही म्हणून. मला कामावर जायची घाई होती. तुमचं ते वाक्य माझ्याकडे अर्धंच राहिलं आहे, आणि ते तुम्ही सुरू केलं होतं, एवढंसुद्धा मी आईला अजून सांगितलेलं नाही.