पेटीतली टरफलं

मुलुंड (पूर्व),
ता. ९ फेब्रुवारी १९७३

सौ. सगुणा हिस,

सुतक चालू आहे म्हणून वर श्री लिहिलेला नाही. तुम्ही तिघं वेसाव्याला बरे असाल. चि. चंदूचा खोकला गेला का? मधू स्मशानात म्हणाला होता की आठवडाभर त्याला रात्री झोप नाही. ज्येष्ठमधाची कांडी चघळायला द्यावी. थंड काही देऊ नये.

आई शनिवारी सकाळी सव्वासातला गेली. मधूने तुला सांगितलंच असेल. शुक्रवारपासून तिचं बोलणं बंद होतं. त्रास फार झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले.

कुर्ल्याहून रत्नप्रभामावशी राहायला आली आहे. आईच्या मागे घर तिनेच हातात घेतलंय. शेजारून डबे येतात, माणसं येतात-जातात, आणि उरलंसुरलं सगळं मावशी मागच्या गॅलरीतल्या माझ्या पेटीत टाकते. परवा ताकभात टाकला. काल आमटीतल्या शेंगा, कोळलेल्या चिंचेचा चोथा आणि पिळलेली लिंबं. मी नको म्हणालो तर म्हणाली, "घरात सगळे जेवतायत, तुझ्या किड्यांनीच उपास का करावा रे?"

पेटी तुला आठवत असेल. तेच चहाचं जुनं खोकं, तळाला भोकं पाडलेलं, विटांवर ठेवलेलं. तबेल्यातल्या शेणाच्या ढिगातून आणलेली लाल गांडुळं. त्यांना लागतं अगदी थोडं. आठवड्यातून दोनदा मूठभर साली, वर फाडून भिजवलेलं वर्तमानपत्र, आणि आधीचं संपल्याशिवाय पुढचं घालायचं नाही. जास्त झालं की अन्न आंबतं. आंबलं की ती तळातून वर येतात आणि झाकणाला चिकटतात. आज सकाळी झाकण उचललं तर पन्नास-साठ तरी लोंबत होती. शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला निळा लिटमस कागद मातीत दाबला. उचलेपर्यंत लाल झाला होता.

इथवर लिहून थांबलो आणि वाचून पाहिलं. जवळजवळ पाच वर्षांनी तुला पत्र लिहितोय आणि गांडुळांचं लिहितोय. पण मला जे लिहायचं आहे ते याच पेटीतलं आहे. थोरला भाऊ म्हणून मधूला समोर सांगणार होतो. स्मशानात तो माझ्या शेजारी अर्धा तास उभा होता. जमलं नाही.

६८ सालच्या मे महिन्यात आईने तुळशीला माती घालायला पेटी उपसली आणि तिच्या हातात अंड्याची टरफलं आली. त्या दिवशीचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. तुला तिसरा महिना होता. मावशी तेव्हाही इथेच होती. ती म्हणाली, "डोहाळे लागले असतील गं, रक्तातलं कुठे जातंय." आई तुला म्हणाली, "लग्नाच्या वेळी तू मला शब्द दिला होतास, मासे-अंडं सोडलं म्हणून." आणि तू म्हणालीस, "खायचंच असतं तर वेसाव्याला माहेरी जाऊन पापलेट नसतं खाल्लं? मुलुंडात लपून अंडं कशाला खाऊ मी?" शेजारच्या जयंतीबाई दारात उभ्या होत्या, त्यांना हसू आलं. ते हसू आईला लागलं. मग ती म्हणाली की कबूल कर, नाहीतर या स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी त्या वेळी वर्तमानपत्र फाडत होतो. मी फाडत राहिलो.

ती टरफलं माझी होती, सगुणा.

आपल्या घरात चिंच, लिंबू, ताक रोजचं. मे महिन्यात वर पन्ह्याच्या कैऱ्यांच्या साली. पेटी सारखी आंबायची. आधी पानाचा चुना घालून पाहिला, तर चटका बसून निम्मी गांडुळं मेली. मग शाळेत मी ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या विज्ञानाच्या सरांनी एका इंग्रजी मासिकात वाचून सांगितलं की अंड्याची टरफलं बारीक करून घाल, ती सावकाश काम करतात, जीव भाजत नाहीत. स्टेशनजवळच्या इराण्याकडून मी ती घ्यायचो. आई ज्या डब्यात मला पोळीभाजी द्यायची, त्याच डब्याच्या वरच्या खणातून. प्रयोगशाळेत धुऊन, दिव्यावर जाळी ठेवून भाजायचो, खलात पीठ करायचो. कोणाला कळण्यासारखं नव्हतं. त्या महिन्यात शाळेला सुट्टी, प्रयोगशाळेला कुलूप. म्हणून घरीच हाताने चुरून घातली, आणि ती राहिली जाडी.

बोललो का नाही, तेही लिहितो. त्या पेटीतली माती दोन वर्षं तुळशीला जात होती. तुळशीची पानं रोज देवाला. मागच्या मोगऱ्याची फुलंही. आई सोवळ्यात ती खुडायची. मी बोललो असतो तर तिने दोन वर्षांची पूजा पुसून टाकली असती आणि माझं तोंड पाहिलं नसतं. तू बाहेरून आलेली होतीस. तुझ्यावर ढकललं गेलं आणि मी ते जाऊ दिलं. आईच्या मनाला लागू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला तिची भीती वाटत होती. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो.

तुम्ही दोघं घर सोडून वेसाव्याला गेल्यावर दोन महिने मी टरफलं घातली नाहीत. पेटी आंबली, गांडुळं मरायला लागली. मग मी पुन्हा आणायला लागलो. घाबरतच आणायचो, पण आणायचो. गांडुळांसाठी मला तेवढा धीर झाला. तुझ्यासाठी झाला नाही.

त्या टरफलांना खऱ्या माणसाचं नाव लागल्याशिवाय या घरात येणार नाही असं तू म्हणाली होतीस. मधूकडून मला ते कळलं होतं. गुरुवारी, ता. १५ ला, तेरावा आहे. त्या दिवशी तू यावंस. मावशीला मी आजच जेवणाआधी सांगणार आहे.

हे पत्र वाचून झालं की घरात ठेवू नये. फाडून टाकावं.

बळवंत


श्री

मुलुंड (पूर्व),
ता. २० फेब्रुवारी १९७३

सौ. सगुणा हिस अनेक आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं मधूच्या ऑफिसात फोन केला तेव्हा कळलं. फोन दुसऱ्या कोणी घेतला होता. मधूला बोलवू का म्हणून विचारलं, मी नको म्हणालो.

पेटी सुधारते आहे. तू सांगितलंस तसं वरचा आंबलेला थर काढून टाकला, कोरडे कागद घातले, आणि पाच दिवस काही दिलेलं नाही. आज झाकणावर दोनच होती. बाकीची खाली गेली. लिटमस अजून थोडा लाल होतो, पण सावकाश.

तेराव्याला तू आलीस, जेवण वाढलंस, आणि पानं उठल्यावर पदर खोचून सरळ गॅलरीत गेलीस. पिशवीतून शिंपल्यांच्या भुग्याची पुडी काढलीस. मावशी मागे आलीच. "हे काय आणलंस गं?" तू म्हणालीस, "तिसऱ्यांचे शिंपले आहेत, मावशी. आम्हीच खाल्लेले, आम्हीच कुटलेले. या वेळी नावासकट आणलेत." मावशी म्हणाली, "अगं, आमच्या घरात?" आणि तू म्हणालीस, "घरात नाही, पेटीत." आई गेल्यापासून त्या दिवशी मला पहिल्यांदा हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

मग पेटीत हात घालता घालता तू मला म्हणालीस, "मला पंधरा दिवसांत कळलं होतं, भावजी. टरफलं चुरलेली होती. खाणारा कशाला चुरत बसेल, तो फेकून देतो. मी यांना बोलले. तर हे म्हणतात, माझा दादा असं करणार नाही, पुन्हा नाव काढू नकोस. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं." हे तू रागावून सांगितलं नाहीस. बाजारातली हकिकत सांगावी तसं सांगितलंस. मधू आत गुरुजींशी बोलत होता. दिवसभरात तो माझ्याशी एकच वाक्य बोलला, की पंचे कुठे ठेवलेत.

निघताना चपला घालता घालता तू विचारलंस, "आईंनी कधी नाव काढलं का हो माझं?"

मी म्हणालो, "शेवटी तिला शुद्ध नव्हती."

तू बरं म्हणालीस आणि चंदूला उचललंस. तुला माझ्यावर राग काढायचा नव्हता, माझी माफी नको होती. एवढंच हवं होतं, आणि तिथेही मी खोटं बोललो. पहिल्या पत्रात मी सगळं लिहिलं असं तुला वाटत असेल. तू मला इतक्या सहज मोकळं केलंस की ते तसंच राहू द्यावं असं मलाही चार दिवस वाटलं.

आईला शुद्ध होती. गुरुवारपर्यंत ती बोलत होती.

सोमवारी, २९ जानेवारीला, मी रजेवर होतो. दुपारी साडेतीनला तिला पेज भरवली. दोन चमचे घेऊन तिने हात आडवा केला आणि म्हणाली, "बाळ, एक विचारते. खरं सांगशील?"

"विचार."

"ती टरफलं तूच आणायचास ना?"

तिला कधी कळलं, मला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी तिने तुळशीला पेटीतली माती घालणं थांबवलं होतं. तबेल्यातून शेणखत मागवायची. का, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मला वाटतं तेव्हाच कधीतरी तिने पांढरा भुगा पाहिला असेल. दोन वर्षं ती माझ्या बोलण्याची वाट पाहत होती आणि रोज मला डबा भरून देत होती.

आणि मी म्हणालो, "नाही."

"मग तिचीच?"

मी हो म्हणालो, सगुणा. "हो" हा शब्द माझ्या तोंडून गेला. मरणाच्या दारात तिला देवाधर्माचा त्रास नको, हे मागाहून मी स्वतःला समजावलं. त्या क्षणी माझ्या मनात तसलं काही नव्हतं. लहानपणी बरणी फुटली की पहिल्यांदा नाही म्हणायचं, तसं ते आलं.

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं होतं तुझी असतील. तुझी असती तर बरं झालं असतं रे. उद्याच्या उद्या तिला बोलावून घेतलं असतं. पोराला बघितलं असतं."

मी पेजेचं भांडं घेऊन आत गेलो आणि घासून ठेवलं.

त्यानंतरही तीन दिवस होते. मी तिचं अंग पुसलं, चादर बदलली, औषध दिलं, उशी उंच हवी का विचारलं. दादरला गाडी बदलून अंधेरी, तिथून बस, दोन तासांत कोणीही तुला घेऊन आलं असतं. दर वेळी वाटायचं की आता सांगू. शुक्रवारी सकाळी सांगायचं नक्की केलं होतं. शुक्रवारी तिचं बोलणं बंद झालं. ऐकू येत होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. तरी सांगून पाहायचं होतं, तेही केलं नाही. खोलीत मावशी बसली होती.

काल कुर्ल्याला जाऊन मावशीला हे सांगितलं. तिने निवडायला घेतलेलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "आता सांगून कोणाला उपयोग, बाळ?" मी म्हणालो, सगुणेला. उपयोग म्हणता येईल की नाही मला कळत नाही. पण आईने तुझं नाव काढलं होतं. तुला बोलवायचं तिच्या मनात होतं, चंदूला पाहायचं होतं. ते तुझं आहे आणि मी ते ठेवून घेतलं होतं.

हे पत्र मधूला दाखव. पहिलं वाचून तो माझ्याशी बोलत नाही, हे वाचून कदाचित कधीच बोलणार नाही. पण त्याने इतकी वर्षं तुझ्यापाशी माझी बाजू घेतली, तर कोणाची घेतली हे त्याला कळू दे. चंदूला आजीचा फोटो हवा असेल तर माझ्याकडे एक आहे, मोगऱ्याजवळ उभी असलेली. पोस्टाने पाठवतो.

उत्तराची अपेक्षा नाही, असं लिहिणार होतो. तेही खरं नाही. चार ओळी लिही. काय लिहायचं ते लिही, शिव्या लिहिल्यास तरी चालेल, मी वाचीन.

तू मला भावजी म्हणतेस. ते खाली लिहायचा धीर होत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

बळवंत