मोरीतले तीन टब

आई, काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा प्रस्ताव पडला. आपल्या दिवा उपनगरात पाण्याचं अजून तसंच आहे गं. नळाला अर्धा तास करंगळीएवढी धार, मग टँकर. आणि चार मजल्यांचं अंघोळीचं, कपड्यांचं पाणी पाइपातून गटारात, तिथून खाडीत. मी एवढंच म्हणत होते की ते पाणी खडी-वाळूच्या पिंपांतून गाळू, कर्दळीच्या वाफ्यातून सोडू आणि फक्त संडासासाठी वर चढवू. पिंपं भंगारातली चालतील. आपण प्यायचं पाणी संडासात ओततो आणि मग टँकरमागे धावतो, याची कोणालाच चीड कशी येत नाही?

तळमजल्यावरच्या काकू उठल्या. "कोणाकोणाच्या अंघोळीचं पाणी आमच्या घरात? आमच्यात नाही चालत."

"घरात नाही काकू, संडासात."

"तेच ते!"

मागून कोणीतरी म्हणालं, "काय काकू, संडास पण बाटतो का?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. 'आमच्यात' म्हणजे कोणात आणि 'कोणाकोणाच्या' म्हणजे कोणाच्या, हे मला कळतं. तूच तर समजावलं होतंस.

अजून डोळ्यांसमोर येतं, तू मोरीत बसली आहेस. पहिल्या टबातलं साबणाचं पाणी संडासाला, दुसऱ्यातलं फरशीला, तिसऱ्यातलं उद्याच्या कपड्यांना. एक दिवस कॉलेजची मैत्रीण पहिल्यांदा घरी येणार म्हणून मी तिन्ही टब ओतून टाकले. चार घरची कामं करून तू आलीस.

"पाणी कुठंय?"

"घाण होतं, ओतलं."

"घाण कुठलं गं? साबण होता फक्त." एवढंच बोललीस आणि हंडा घेऊन टँकरच्या रांगेत गेलीस, त्या दुखऱ्या गुडघ्याने.

काल सेक्रेटरींनी मनापासून विचारलं, "हे कुठे शिकलीस गं?" मी म्हणाले, "कॉलेजात." "मग पुस्तकातच राहू दे," काकू म्हणाल्या, आणि माझ्या बाजूने वर आलेले चार-पाच हातही खाली गेले. समोर बसलेल्या निम्म्या बायकांच्या मोरीत आजही तुझ्यासारखेच टब आहेत, आई. तुझं सांगितलं असतं तर त्यांना ते आपलं वाटलं असतं.

रात्रभर मी काकूंवर चिडले होते. पण कॉलेजात मी फक्त पिंपं जोडायला शिकले. सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. मला लाज वाटली. त्या दिवशीसारखीच.